अमर्याद, पण मर्यादेत

माझी आत्या टेलर आहे. स्वतः आखलेल्या कपड्यांच्या नमुन्यांच्या फाइली ती टॉरेंट या फाइल-शेअरिंगच्या सोयीवरून जगभरातल्या शिवणाऱ्यांना फुकट वाटते. परवा दूरदेशीच्या एका नवरदेवाचा कोट तिच्या फाइलींसाठी अडला. दोन्ही बाह्या पोचल्या, पाठ काही पोचेना, कारण आमच्या इंटरनेट कंपनीने फाइल-शेअरिंगचा वेग गुपचूप आवळला होता. आत्याने कस्टमर केअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“दादा, लग्न उद्यावर आलंय आणि नवरदेवाला पाठच नाही!”

“मॅडम, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो,” झोपेत पाढे म्हणावेत तसा तो दादा म्हणाला. “पण रुग्णवाहिका आमच्याकडे नसते.”

“अरे बाबा, कोटाची पाठ! ती फाइल का जात नाही? माझा प्लॅन अमर्याद आहे ना?”

“होऽ मॅडम. अमर्यादच आहे, पण मर्यादेत.”

आत्याच्या ओठांतली टाचणी टपकन खाली पडली.

“म्हणजे मी पँट गुडघ्यापर्यंत शिवायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘साहेब, फुलच आहे, पण हाफमध्ये’? मी काय पाठवावं ते तुम्ही कोण ठरवणार? आणि आवळायचंच होतं तर आधी माप नको सांगायला?”

पलीकडून फुसकन हसू आलं. पाढे थांबले.

“ताई, सैल करतो. पण वर तक्रार नका करू हं.”

“छे! वर कशाला? शेजारीपाजारीच सांगते.”

पाठ पोचली, नवरदेव सजला. कंपनीचा फोन मात्र तेव्हापासून एंगेजच लागतो.