नात्याचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांचं सगळं सांगणारी मीच — कोणत्या आत्याच्या लग्नात वरण करपलं, कोणते काका नागपूरच्या गाडीत बसायचे ते नांदेडला जाऊन उतरले. लग्नाकार्यात पोरं माझ्याभोवती कोंडाळं करतात, मी हातवारे करून सांगते. पण ही एक गोष्ट जवळ आली की मी हळूच दुसरीकडे वळते, आणि आजवर ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बडबड्या माणसाचा हा मोठा फायदा. तो काही लपवत असेल असं कुणाला वाटतच नाही.

सुरुवात तशी हसण्यासारखीच आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए.ला नाव घातलं. एक एम.ए. मराठीचं होतंच, त्यावरच आदिलाबादच्या शाळेत शिकवते. पण आमच्या शाळेत आता मुलांपेक्षा पुस्तकांचे गठ्ठे जास्त. वाटलं, दुसरं काही शिकावं. तर हे दुसरं — कला प्रशासन आणि सांस्कृतिक व्यवस्थापन. महिन्यातून चार दिवस हैदराबाद, बाकीचं मोबाईलवर. मुलानं विचारलं, आई, यात शिकवतात तरी काय? मी म्हटलं, कार्यक्रम कसा ठरवायचा, कलावंतांना मंचावर कसं आणायचं, लोकांची कला टिकवायची कशी. तो म्हणाला, म्हणजे मंडप डेकोरेशन. नवऱ्यानं फक्त विचारलं की त्या चार दिवसांत स्वयंपाकघराचं प्रशासन कुणाकडे.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले आहे. खुलासा झाल्यावर सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त हसले — आणि मग दोन वर्षं तिथं मी जवळजवळ एकटीच बसले. वाईट कुणी नव्हतं हो. बावीस-तेवीस वर्षांची पोरं; एकीनं चित्रांची गॅलरी चालवलेली, एक सात वर्षांची असल्यापासून नाचणारी, एक परदेशातल्या संग्रहालयात काम करून आलेला. त्यांच्या बोलण्यात मला शिरायला फटच सापडायची नाही. दुपारी ती घोळक्यानं कँटीनला जायची, मी खिडकीशी डबा उघडायची. ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत पंख्याकडे बघत पडायची आणि घरी फोनवर सांगायची, लई मजा आहे.

मग एका तासाला गाईड मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुमचं क्षेत्रकार्य कशावर? माझी पाळी आली. मी म्हटलं, आदिलाबादकडच्या तलमडुगुच्या पलीकडे एका गावात मला एक दंडार मंडळ सापडलं आहे.

सापडलं. हा शब्द माझ्याच तोंडचा आहे.

दंडार म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गाणी, नाच आणि सोंगं. पुरुषांनीच बायांची लुगडी नेसायची, गावानं रात्रभर बसून बघायचं. मी ते सांगत होते आणि पहिल्यांदाच सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता. मॅडमनी विचारलं, आत प्रवेश कसा मिळवलात, मंडळाशी तुमचं काही नातं? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, छान, बाहेरच्या माणसाची नजर स्वच्छ असते. पुढच्या आठवड्यात छापील फॉर्म आला. त्यात एक रकाना होता — संशोधकाचे मंडळाशी नाते. मी निळ्या शाईनं लिहिलं, नाही.

त्या मंडळातला सगळ्यांत थोरला माणूस माझा सख्खा मामा होता. आईचा पाठचा भाऊ. माझी प्रत्येक दिवाळी त्याच्या ओसरीवर गेली. दंडार मी पाहिली ती त्याच्या खांद्यावर बसून. झोप आली की त्याच्याच पागोट्यावर डोकं टेकवायची. आणि मला ते मंडळ ‘सापडलं’!

आता गणाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दंडार सुरू करायची तर आधी देवाला बोलवायचं. ते गाणं म्हणजे गण. तो कुणीही म्हणायचा नाही. मंडळातला थोरला म्हणतो, हातातल्या झांजेवर. आपल्याच्यानं होत नाही असं वाटलं की तो जिवंतपणी, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं ती झांज पुढच्याच्या हातात देतो आणि त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालतो. झालं, मान त्याचा. पण द्यायच्या आधी थोरला गेला तर झांज त्याच्याबरोबर जाते, आणि गणही. मामानंतर कोण, हे सगळ्यांना माहीत होतं — देविदास. गावात मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा, चाळिशीचा माणूस. मामाला मूलबाळ नव्हतं; सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. देविदास रोज संध्याकाळी त्याच्याकडे येऊन बसायचा. बोलायचे थोडंच. तंबाखू मळायची आणि एकेक ओळ घोळवायची.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी त्या मंडळाचा कार्यक्रम विद्यापीठात ठेवला. वीस मिनिटं. बारा कलावंत. मंडळात होते तेरा.

यादी मी केली. मामाचं नाव मीच काढलं.

का काढलं? माझ्याकडे कारणं होती, आणि खरी होती. मामाच्या एकट्या गणालाच अर्धा तास लागायचा; तलमडुगुपासून बाजारहत्नूरपर्यंतच्या प्रत्येक शिवेवरचा देव तो नावानिशी बोलवायचा, एकालाही रागवू द्यायचा नाही. वय झालेलं, खोकला, एवढा प्रवास. हे सगळं खरं. पण खऱ्या गोष्टींच्या मागे माणूस किती सोयीनं उभा राहतो, नाही? यातलं एकही कारण नव्हतं. कारण एवढंच की मामा आला असता, मला बघितलं असतं, आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून आपल्या मोठ्या आवाजातल्या दख्खनी हिंदीत म्हणाला असता, ये हमारी भांजी है. वॉचमनलासुद्धा सांगितलं असतं. बाकीच्यांची भीती नव्हती. ते मला ताई म्हणायचे, पण ताई तर आमच्याकडे कुणालाही म्हणतात. मामा मला बबी म्हणायचा.

त्या निळ्या शाईतल्या ‘नाही’ला वाचवायचं होतं मला.

सांगायला गेले तर मामानं धोतर धुऊन वाळत घातलेलं, कुणाच्याशा लग्नातला कोट खुंटीवर काढून ठेवलेला. मी म्हटलं, मामा, तुझं नाव वरून कापलं.  वरून म्हंजे कोण, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, असतात ते. मग तो मलाच समजवायला लागला — “तू नको भांडू माह्यासाठी त्यायच्यासंग. तुई परीक्षा हाय.”

चहा घेऊन मी परत आले. बसमध्ये खिडकी मिळाली म्हणून बरं वाटल्याचंही आठवतं.

हैदराबादला मंचामागे देविदास अडला. झांज मामाकडेच होती. मी एक नवी विकत आणून ठेवली होती — व्यवस्थापन! तो तिला हात लावेना. म्हणाला, मामाच्या सांगण्याबिगर मी गण म्हणत नाई. बाहेर माईकवर नाव पुकारलेलं. मॅडम पहिल्या रांगेत. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “मामानंच सांगितलंय, देविदासला म्हणू दे म्हणून.”

त्यानं जमिनीला हात लावला, डोळे मिटले आणि गण म्हटला. चार मिनिटांत बसवला, इतका सुंदर की मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. कुणीतरी मोबाईलवर तो टिपला. आम्ही परतायच्या आतच तो गावात सगळ्यांच्या फोनवर पोचला होता.

रविवारी मी गेले. मामा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेला. शेजारच्या पोरीनं त्याला व्हिडिओ दाखवला होता. त्यानं वर न बघताच विचारलं, “माह्यं नाव देविदासनंच कापलं ना, बबे? त्याले घाई झाली व्हती.”

इथं मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी कापलं. एवढंच. मामा रागावला असता, नसताही. बहुधा हसला असता. पण मग मला ‘का’ सांगावं लागलं असतं, की बबीला तुझी भाची म्हणवून घ्यायची लाज वाटली. मी कपावर फुंकर घालत बसले. चहा कधीचाच निवलेला होता.

मामानं माझं गप्प बसणं ‘हो’ म्हणून घेतलं. तसंच घ्यावं, अशा बेतानंच मी गप्प बसले होते.

त्यानंतर मी रिपोर्ट लिहिला. त्यात एक प्रकरण आहे, मंडळातलं नेतृत्व एका पिढीकडून दुसरीकडे कसं जातं यावर. मी लिहिलं की ज्येष्ठ कलावंतानं स्वेच्छेनं बाजूला होऊन शिष्याला संधी दिली. परीक्षकांना ते प्रकरण सगळ्यांत जास्त आवडलं. मला पहिला वर्ग मिळाला. नवऱ्यानं पेढे वाटले, मामाकडेही एक पुडा पाठवला. त्यानं तो देवापुढं ठेवला म्हणे.

हैदराबादहून आल्यावर देविदास प्रसादाचा नारळ घेऊन मामाकडे गेला होता. मामा म्हणाला, ठेव तिथं, आणि आत निघून गेला. न विचारता ज्यानं घेतलं त्याला काय विचारायचं — मामा या स्वभावाचा. आणि गुरूला जाब कसा विचारायचा — देविदास त्या स्वभावाचा. दोन मानी माणसं, शंभर पावलांवर राहणारी, दोन वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. सुरुवातीला देविदास रोजच्या वेळेला यायचा, अंगणात उभा राहायचा, मामा पाठमोरा बसलेला बघून परत जायचा. मग यायचा थांबला. मामा संध्याकाळी ओसरीवर एकटाच असायचा. तंबाखू मळायचा दोघांपुरती, अर्धी तशीच डबीत टाकायचा. हे मी पाहिलेलं आहे. मी महिन्यातून एकदा जायची ना — त्याला एकटं वाटू नये म्हणून!

त्या दोन दिवाळ्यांत दंडार गणाशिवाय झाली. मामा म्हणायचा गुडघे दुखतात. देविदास म्हणायचा, मामाचा राग जाईल तवा पाहू.

राग गेला नाही. मामा गेला.

अंत्ययात्रेच्या सकाळी अंगणात माणसं जमलेली. देविदास कुंपणाशी, लांब उभा होता. मला खूण करून बाजूला बोलावलं. त्याचे हात ऑइलनं काळे होते, दुकानातून तसाच आलेला. खाली बघत म्हणाला, “ताई, त्या दिवशी मामानंच सांगितलं व्हतं ना, मले म्हणू द्या म्हणून?”

घरात मामाचं प्रेत होतं. आता कुणाला काय लपवायचं होतं? पदवी कपाटात होती, मॅडम निवृत्त झाल्या होत्या. रकाना वाचणारं या जगात कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, “हो.”

“मंग बोलले काऊन नाई माह्यासंग?”

मी म्हटलं, वय झालं होतं, त्यांना काही आठवायचं नाही. मामाला शेवटपर्यंत सगळ्या शिवांवरचे देव क्रमानं आठवत होते.

 देविदास म्हणाला की सांगणं येगळं अन् हातानं देणं येगळं. आत जाऊन त्यानं खुंटीवरची झांज काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मामाच्या छातीवर ठेवली. कुणी अडवलं नाही. रीतच तशी आहे. मीही अडवलं नाही.

त्या गावात आता गण नाही. चाल काहींना येते, शब्दही येतात, पण म्हणणारा नाही. देविदास बाकी सगळं करतो. ढोल वाजवतो, सोंग घेतो. परवाच्या दिवाळीनंतर मंडळानं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. माईकवर सांगितलं की ताईंनी आपली दंडार हैदराबादला नेली, ताई या विषयात शिकलेल्या आहेत. टाळ्या झाल्या. हार घालायला देविदासला पुढं केलं. मी वाकले, त्याचा हात पोहोचावा म्हणून. हार घालून घेतला आणि खुर्चीवर बसले.