महिपत मास्तरांचा शनिवारचा वर्ग

सदू मुंबईहून चार महिन्यांतच परत आला, तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. मुदतीच्या तापानं कान गेले होते. खोलीत दहा गाववाले होते, पण पंधरा वर्षांच्या पोरानं लाजेनं आठ दिवस ताप कुणाला सांगितलाच नाही.

हर्णै बंदराजवळच्या शाळेतले महिपत मास्तर त्याला पाहून आले आणि त्यांचं चित्त उडालं. ह्याच पोरानं आपल्याकडे सातवी केली, युरोपातल्या नद्या घडाघडा म्हटल्या. जेवताना मास्तर अर्ध्यावरून उठत, अंगणात येरझाऱ्या घालत.

त्या शनिवारी त्यांनी शाळेमागे तीन दगडांची चूल मांडली. पुढे मुंबईला जाणाऱ्या मोठ्या पोरांना पेज करायला, तुटलेलं बटण लावायला, अनोळखी माणसाला रस्ता विचारायला शिकवू लागले. सगळ्यांत अवघड धडा एका वाक्याचा होता. एकेकानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "मला बरं वाटत नाही, माझ्याबरोबर दवाखान्यात चला." पोरं फिदीफिदी हसत. मोरूच्या तोंडून तर शब्दच फुटेना.

त्याचा बाप रावजी तरातरा शाळेत आला. "मास्तरानू, चूल फुंकायला घरात बाया हायत!"

"म्हमईत कोण हाय, रावजी?"

रावजी आला तसा परत गेला, पण तक्रार वर गेलीच. शाळा तपासणारे डिपुटीसाहेब आले, धूर पाहिला आणि वर्ग बंद करायला सांगून गेले. मास्तरांनी चूल उचलून आपल्या परसात नेली. विसांतली सात पोरं उरली. मोरू मात्र बापाला चुकवून येत राहिला.

दोन वर्षांनी, मुंबईला गेलेल्या मोरूचं कार्ड आलं. रावजीनं ते मास्तरांकडूनच वाचून घेतलं. मोरूला गिरणीत ताप भरला होता. त्यानं त्याच दिवशी मुकादमाला सांगितलं, इस्पितळात गेला, आता बरा होता. रावजीनं डोळे पुसले. "आणखी एकदा वाचा," म्हणाला.

मास्तरांनी वाचलं, पण जिवाला स्वस्थता आली नाही. त्याच साली दादू बंदरावरून आगबोटीनं मुंबईला गेला होता. तोही परसातल्या सातांपैकीच, वाक्य खणखणीत म्हणणारा. त्याचं एकही पत्र नव्हतं. मास्तरांनी तीन कार्डं टाकली, गाववाल्यांकडे निरोप धाडले. कुणी म्हणे आफ्रिकेच्या बोटीवर चढला, कुणी म्हणे नाही.

ठाव काही लागला नाही. मास्तर शनिवारचा वर्ग घेतच राहिले. मात्र टपालवाला दिसला, की पोरांना पेज ढवळायला सांगून ते तसेच अनवाणी कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाऊन येत.