क्लोव्हरचं कुरण

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात मी मातीवर संशोधन करत होते. शहराबाहेरच्या डोंगरात एक वयस्कर शेतकरी रासायनिक खत न वापरता दुधाच्या गाई पाळायचे. खताशिवाय जमिनीचा कस वाढावा म्हणून त्यांच्या कुरणात क्लोव्हर हा द्विदल चारा पेरायला मीच रिपोर्ट देऊन सांगितलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी मी नमुने घ्यायला गेले, तर उपाशी गाई कुंपण मोडून दवाने भिजलेल्या क्लोव्हरमध्ये घुसल्या होत्या. असा कोवळा, ओला पाला भरपूर खाल्ला की पोटात फेस होऊन वायू कोंडतो आणि गाय गुदमरते. एक गाय मेलेली होती. दुसरीचे डोळे पांढरे झाले होते, डावी कूस टम्म फुगली होती. जनावरांचे डॉक्टर यायला तास लागणार होता.

"सेन्सेई, डोकं धरा," शेतकरी म्हणाले. मला ते असंच, 'गुरुजी' म्हणून हाक मारायचे.

मी शिंगं पकडली. कोंडलेला वायू सुटावा म्हणून त्यांनी तिच्या फुगलेल्या कुशीत मुठीपर्यंत चाकू खुपसला आणि फिरवला. गायीने हिसडा देऊन मला खांबावर आपटलं. माझी बरगडी कडकन मोडली, तरी मी शिंगं सोडली नाहीत. रक्त आणि हिरवा फेस त्यांच्या तोंडावर उडाला. भोक मिटू नये म्हणून त्यांनी आत बोटं घातली. हळूहळू पोट बसलं. ती वाचली.

मी माफी मागू लागले.

"क्लोव्हर मी ठेवणार आहे," ते म्हणाले. "पण गाईंना तिथे सोडण्याआधी सुकं गवत घालीन. तुमच्या रिपोर्टमध्ये हे नव्हतं."

मला ते माहीत होतं. किरकोळ वाटलं म्हणून मी गाळलं होतं.