नटलेल्या मुलीला काय म्हणावं

स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करणारा बालाघाटात मी एकटाच, त्यामुळे इथला सर्वोत्तमही मीच. हे मी छातीठोकपणे सांगतो आणि आजवर कोणी खोडून काढलेलं नाही. माझी बरीच वर्षं पंप, क्रशर आणि कन्व्हेयर बेल्टची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणण्यात गेली. यंत्रांचं एक बरं असतं. ती नटत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात परदेशातल्या एका छोट्या प्रकाशनाने मला कादंबरीचं पहिलं प्रकरण पाठवलं. नमुना म्हणून करून द्या, जमलं तर सगळं पुस्तक तुमचं. मला ते पुस्तक हवंच होतं. कादंबरीवर भाषांतरकाराचं नाव छापतात. क्रशरच्या पुस्तकावर फक्त क्रशरचं.

प्रकरणात घडत होतं एवढंच, की एक मुलगी सकाळपासून तयार होते आहे आणि तिची मावशी तिच्याभोवती घुटमळते आहे. मुलगी कुठे निघाली आहे, हे घरात कोणालाच माहीत नाही. बाकी पानंच्या पानं नुसती वेणीफणी.

पहिलाच शब्द आला ‘आरेग्लार्से’. स्पॅनिश माणूस याच क्रियापदाने नळ दुरुस्त करतो, खोली लावतो आणि लग्नाला जायला तयारही होतो. मी खूश. मराठीत हे सरळ ‘आवरणं’ झालं. घर आवरतात, पसारा आवरतात, आणि “आवरलं का?” असं मी स्कूटर चालू ठेवून दारातून ओरडतो तेही आवरणंच. पण मला मराठीत कुठे न्यायचं होतं! इंग्रजीत घर एका शब्दाने आवरतात आणि स्वतःला दुसऱ्या. मग ‘पिंतार्से’, म्हणजे भिंत रंगवावी तसं स्वतःला रंगवणं. ‘पोनेर्से ग्वापा’, म्हणजे स्वेटर घालावा तसा देखणेपणा अंगावर घालणं. आणि सगळ्यांवर कडी ‘एम्पेरिफोयार्से’. हा शब्द नुसता उच्चारला तरी अंगावर दोन दागिने जास्तीचे चढतात. याचा अर्थ मी बायकोला समजावून सांगितला. ती शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून माझ्या सगळ्या शंका तिच्याकडे जातात.

“हौ,” ती म्हणाली, “म्हणजे माही लालबर्र्याची आत्या.”

इथवर मी जोरात होतो. अडलो ते मावशीपाशी. मुलीने कंगवा फिरवला की मावशी म्हणते, किती सुंदर! झुमका घातला, किती सुंदर! मला ते फारच उघडंवाघडं वाटलं. आमच्याकडे असं तोंडावर कोणी म्हणत नाही, नजर लागते. त्याच आठवड्यात बायको माहेरच्या हळदीकुंकवाला लांजीला निघाली, नवीकोरी साडी नेसून. शेजारच्या काकूंनी फाटकातच अडवलं.

“काहून व बाई, कोनाचं लगन आहे आज?”

“कोनाचं नाही व काकू. जुनीच साडी आहे, कपाटात सडून राह्यलती.”

“जुनी म्हने! घडीची मोड तं दिसून राह्यली.”

दोघी हसल्या. काकूंनी कौतुक केलं, बायकोने ते घेतलं, आणि कौतुकाचा एक शब्दही कोणी बोललं नाही. मी वरच्या खिडकीतून पाहत होतो आणि मला साक्षात्कार झाला. मावशीचं भाषांतर सापडलं! बसलो आणि प्रत्येक ‘किती सुंदर’च्या जागी मावशीला टोमणा दिला. आज कोणाचं लग्न गं? कोणाच्या वरातीला? इतकं जिवंत भाषांतर नर्मदेच्या या बाजूला झालं नसेल, अशी खात्री बाळगून मी ते पाठवलं.

संपादिकाबाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. या प्रकरणात लग्न कोणाचं आहे? मला मूळ पुस्तकात सापडलं नाही.

मी त्यांना आमच्याकडच्या नजर लागण्यावर सविस्तर लिहिलं. त्यांनी शांतपणे कळवलं, की मावशी स्पेनमधली आहे, तिला तिथलंच राहू द्या. एकदा पुन्हा करून पाठवा, मग ठरवू. ‘मग ठरवू’ वाचून क्रशर डोळ्यांपुढे फिरू लागले.

मी चिडून कामाला लागलो. मावशीचा एकेक प्रश्न शोधला आणि तिथे सरळसोट स्तुती बसवली. सुंदर, सुंदर, सुंदर. घ्या! मूळ पुस्तक उघडायचीही गरज वाटली नाही. मावशी काय बोलते हे आता मला पाठ होतं. सकाळी पाठवून दिलं. दुपारी बायको शाळेतून आली आणि चहा घेता घेता वाचायला लागली. शेवटच्या पानावर थांबली.

“पोरगी बोलत काहून नाही जी?”

“कोणती पोरगी?”

“अवो, हे पाहा ना. ते दाराशी येते. मावशी म्हणते, किती सुंदर दिसतेस. अन् पोरगी चूपचाप बूट घालते. इतक्या खेपा मावशीले हसून जवाब देल्ला, अन् आताच काय झालं?”

“लेखकाची इच्छा.”

“लेखकाची का तुमची?”

मी तोऱ्यात मूळ पान उघडलं. तोरा तिथेच उतरला. दाराशी मावशी सुंदर-बिंदर काही म्हणत नाही. ती विचारते, “आणि तू कुठे निघालीस एवढी आवरून?” मुलगी उत्तर देत नाही. बूट घालते आणि जाते. सबंध प्रकरणात आमच्या काकूंसारखं बोललेलं मावशीचं हे एकच वाक्य, आणि मी नेमकं तेवढंच पुसलं होतं. आधी जिथे टोमणा नव्हता तिथे घातला, मग जिथे होता तिथून काढला. दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने, हे लक्षात घ्या.

“आता पाहता काय माह्याकडे? पाठवा ना दुरुस्त करून!”

चहा तसाच ठेवून मी ते वाक्य साध्या, सरळ इंग्रजीत लिहिलं. नजर नाही, वरात नाही, नुसता प्रश्न. सोबत संपादिकाबाईंना कळवलं, की सकाळची प्रत टाकून द्या.

त्यांनी टाकली नव्हती. दोन्ही वाचल्या होत्या. त्यांनी लिहिलं, सकाळच्या प्रतीतली मुलगी मला उद्धट वाटली होती. दुपारच्या प्रतीत कळलं, की ती परत येणार नाही. पुस्तक तुमचं.

मी उडी मारून बायकोला सांगितलं. तिने “हौ का?” एवढंच म्हणून वह्या तपासायला घेतल्या. दोन वह्या झाल्यावर मान वर केली.

“मंग ते गेली कुठं?”

“मला काय माहीत! एकच प्रकरण पाठवलं होतं त्यांनी.”

“म्हणजे ते कुठं चालली हे तुमालेच माहीत नव्हतं? अन् तिले नटवून राह्यलते तुमी?”

पूर्ण पुस्तक येईपर्यंत ती रोज शाळेतून आल्या आल्या विचारायची, आलं का? आलं तेव्हा मी टेबलाशी बसलो, तिने खुर्ची ओढून शेजारी घेतली आणि मला बजावलं, “इंग्रजी मंग करा. पहिले मले मराठीत सांगा.”