भावाची टोपी

निजामाच्या राजवटीत आमच्या मुरुमकडल्या गावात सरकारी साळा चावडीच्या वसरीत भरायची. वरसातनं एकदा तपासनीस येऊन पोरं मोजायचे. पोरं कमी भरली की साळा बंद अन् मास्तरचा पगारबी बंद.

त्या वरसी माझा थोरला भाऊ तापानं गेला. मास्तरनी त्येचं नाव काटलं न्हाय. पाटील माझ्या बापाला म्हनले, "एक डोकं कमी पडतंय. पोरीला टोपी घालून बसीव." आईनं माझं केस भावाच्या टोपीत कोंबलं.

तपासनीस वाळकं, खोकनारं मानूस. दर नावाला शेरवानीच्या टोकानं चष्मा पुसून पोराकडं नीट बघायचे. भावाचं नाव घेतल्यावर म्या उठून "हजर" म्हनलं. तवर टोपी सरकली अन् कपाळावरलं गोंदन उघडं पडलं.

तपासनीसांनी पुन्हा चष्मा पुसून माझ्या कपाळाकडं बघितलं. मग म्हनले, "आमाला डोकी मोजायचा हुकूम हाय, टोपीखालचं बघायचा न्हाय." त्येंनी हजेरीवर खूण केली. जाताना मास्तरला बोलले, "उद्यापासनं या पोरीला खरंच साळंत बसवा."

मास्तर "व्हय, व्हय" म्हनले.

साळा ऱ्हायली. दुसऱ्या दिशी आईनं टोपी खुंटीला लावली अन् मला शेनाची पाटी दिली.

पुढल्या वरसी टोपी पुन्हा खाली काढली. तेच तपासनीस आले. त्येंनी भावाचं नाव घेतलं, म्या उठून हजर म्हनलं. या खेपंला त्येंनी चष्मा पुसला न्हाय.