काउंटरमागे टांगलेली यादी

आमच्या काउंटरची काच दोनदा फुटली. पहिल्यांदा फुटली ती माझ्यामुळे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राची, कंट्रोल पॅनेल बनवायचा. मी सर्व्हिस खातं बघायचे. तेच ते फोन कमी व्हावेत म्हणून मी सगळी माहितीपत्रकं सोप्या मराठीत आणि हिंदीत लिहून काढली आणि बदलापूरच्या एका वेबसाइटवाल्याकडून कंपनीच्या साइटवर चढवून घेतली. कुठलं पान वाचलं जातं ते कळावं म्हणून तो दर सोमवारी यादी पाठवायचा: पान, वार, वेळ आणि उघडणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा नंबर.

अर्धवट यादी मला बघवत नाही. साइट उघडत नाही म्हणून कोणाचा फोन आला की मी त्याच्या जोडणीचा नंबर विचारून वहीत टिपायचे. मग यादीतल्या नंबरापुढे पेन्सिलने वर्कशॉपचं नाव घालायचे आणि कागद काउंटरमागे टांगायचे. एवढे लोक आपलं लिखाण वाचतात हे येणाऱ्यांना दिसावं, एवढाच हेतू.

उल्हासनगर कॅम्प पाचमधला एक वर्कशॉपवाला स्पेअर न्यायला आला आणि यादी वाचत उभा राहिला. त्याच्या नावापुढे शुक्रवार होता, आणि पान होतं 'एक बटण बांधलेलं असेल तर'.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. काम भराभर व्हावं म्हणून काही मालक एक बटण सायकलच्या ट्यूबने बांधून टाकत. जुन्या पॅनेलवर ते चालून जायचं. ते ओळखायचं कसं आणि तक्रार कुठे करायची, हे त्या पानावर होतं. याच्याकडे महिन्यापूर्वी एका कामगाराची दोन बोटं गेली होती.

शुक्रवारी वर्कशॉपला आठवड्याची सुट्टी असायची. चावी एका ऑपरेटरकडे असायची आणि तो बाहेर टेम्पोत बसला होता. मालकाने त्याला मानगूट धरून आत आणलं.

"मेरे ही ऑफिस में बैठके मेरी कंप्लेंट करायला शिकतोस?"

"शेठ, मला कॉम्प्युटर लावता पण येत नाही."

"मग भूत आलं होतं? चावी कोणाला दिलीस?"

मालकाने त्याचे केस धरून तोंड काउंटरवर आपटलं. परत तोच प्रश्न, परत आपटलं. तिसऱ्यांदा काच फुटली आणि ओठ नाकापर्यंत फाटला. एक दात माझ्या पावतीबुकावर येऊन पडला. मी "सोडा त्याला" म्हणाले, दोनदा. त्या ऑपरेटरने कोणाचंही नाव घेतलं नाही. आमच्या साहेबांनी पोलिसांत जाऊ दिलं नाही, कारण मारणारा गिऱ्हाईक होता.

चार दिवसांनी त्या वर्कशॉपमधली मालाची चलनं टाइप करणारी बाई माझ्याकडे आली.

"ताई, ते मी वाचलं होतं. चलनं राहिलीत म्हणून त्याच्याकडून चावी घेतली होती."

"शेठना संशय नाही आला?"

"त्यांना वाटतं मला चलनापलीकडे काही वाचता येत नाही. वाटू दे. ती दोन बोटं दुधाच्या पिशवीत घालून मी रिक्षात बसले होते, ताई. माझं नाव निघालं तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत."

मी तिला त्या पानाची छापील प्रत दिली. मग वेबसाइटवाल्याला फोन केला. यापुढे जोडणीचा नंबर साठवायचा नाही, वेळ नको, जुन्या फायली पुसून टाकायच्या.

"मॅडम, मग तुम्हाला कळणार काय?"

"कुठलं पान किती वेळा उघडलं. मला पान सुधारायचंय, माणूस शोधायचा नाही."

वहीतली नंबरांची पानं आणि काउंटरमागे टांगलेले कागद मी फाडून गॅसवर जाळले. माझं काही अडलं नाही. बटणाचं पान सगळ्यात जास्त उघडलं जात होतं, एवढं कळायला आकडा पुरला. ते मी चित्रं घालून नव्याने लिहिलं.

पुढे त्या वर्कशॉपवर सरकारी तपासनीस आला. त्याच्या फाइलमध्ये आमच्या पानाची प्रत होती. दुसऱ्या दिवशी मालक लोखंडी पाइप घेऊन आमच्याकडे आला आणि आल्याआल्या त्याने नवी काच फोडली. मागे ती बाई उभी होती. स्क्रीन वाचायला त्याने तिलाच आणलं होतं.

"लिस्ट काढ."

मी काढली. त्यात पान होतं आणि आकडा होता.

"नावं कुठायत? मागच्या वेळी होती ना?"

"लिहायचं बंद केलं."

"कोणाला येडा बनवतेस, बाई?" त्याने माझा डावा हात काउंटरवर दाबून धरला आणि पाइप घातला. करंगळीचं हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुखायला मागून लागलं. "तुला माहीत आहे. बोल."

मला माहीत होतं. ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्याने पाइप पुन्हा उचलला.

"शेठ, थांबा, मी बघते," ती म्हणाली. पुढे येऊन तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. "इथे नावं नाहीतच, शेठ. नुसते आकडे आहेत."

त्याने स्वतः वाकून पाहिलं. मग पाइप मॉनिटरमध्ये घातला आणि तिला म्हणाला, "चल."

काचांवरून चप्पल करकरवत ती त्याच्यामागे गेली.

हाताला प्लास्टर घालून आल्यावर मी साहेबांसमोर बसून नुकसानीची यादी केली. काच. मॉनिटर. करंगळी. सवयीने शेजारी 'मारणाऱ्यासोबत कोण होतं' असा रकाना आखला होता.

"हा कोरा का?" साहेबांनी विचारलं.

"कोराच राहू दे," मी म्हणाले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.