मडक्यातला घेवडा

घेवड्याचं बी आमच्यात सासूपासनं चालत आलेलं. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, बियाला चुलीची राख चोळायची, मडक्यात भरायचं आन् तोंड शेणानं लिंपायचं. मग भुंगा लागत न्हाई. सासूनं मला सगळ्यात नावं ठिवली, ह्या कामात न्हाई.

एका साली घेवड्याच्या पानांवर तेलकट ठिपके आले, मग पानं कडंनं करपली. मी म्हणलं, उन्हाचं हाय. तरीबी त्यातल्याच टपोऱ्या शेंगा बघून बियाला ठिवल्या. पुढं दोन सालं तिथं कांदा केला. मडकं तसंच लिंपलेलं राह्यलं.

लेक ओतूरच्या बाजूला दिलेली. तिच्या सासूनं तिला घरामागचा एक पट्टा दावला. "ह्यात पिकवून दाव, मग पट्टा तुझा." लेक बियाला माझ्याकडं आली. मडक्याचं तोंड उघडलं तर बी कसं चकचकीत, एक किडा न्हाई. निम्मं तिच्या ओटीत घातलं.

दीड महिन्यानं बोलावणं आलं. विहीण बांधावर उभी. पट्टा सगळा करपलेला.

"बघा विहीणबाई, तुमच्या लेकीच्या हाताचा गुण."

लेक हळूच म्हणली, "आई, बियातच काय तरी असंल."

मला ते झोंबलं. मी समद्यांम्होरं म्हणलं, "बियाला नावं ठिवू नगं. ल्हानपणापासनं आळशी तू. येळंवर पाणी दिलं नसशील."

विहीण हसली. "ऐकलंस? आता तर तुझी आईच सांगती."

पट्टा त्याच दिशी धाकट्या सुनंला गेला.

पुढच्या साली ऱ्हायलेल्यातलं थोडं बी मी आमच्या वावरात लावलं. पाणी माझ्या हातानं दिलं, येळंवर. तेच ठिपके आले. शेतकी खात्याच्या बाई आल्या, पान उजेडात धरून बघितलं.

"आजी, हा रोग बियातनं आलाय. वाळल्या बियात तो सालोसाल जिता ऱ्हातो."

"राख लावली व्हती की."

"राख भुंग्याला. ह्याला राखेचं काय सोयरसुतक न्हाई. करपल्या झाडाचं बी धरायचंच नसतं."

मी यष्टीनं लेकीकडं गेले. ती दुसऱ्याच्या वावरात रोजानं खुरपत व्हती. मी तिच्याशेजारी बसले.

"बीच खराब व्हतं. तुझी चूक नव्हती."

तिनं खुरपं थांबवलं न्हाई. "करपलेली पानं तू बघितली व्हतीस?"

"बघितली व्हती. तुझ्या सासूला सांगते आता."

"नगं सांगू. धाकटीनं तिथं कोथिंबीर केलीया. चांगली आलीया."

विहिणीच्या दाराम्होरनं गेले, पण आत गेले न्हाई.

शेतकीच्या बाई म्हणल्या व्हत्या, उरलेलं बी पेरू नका, खाल्लं तर माणसाला काय व्हत न्हाई. घरी येऊन राख धुतली, शिजवलं. माझी सून ते जेवली न्हाई. मीच चार दिस खाल्लं. चवीला काय फरक नव्हता.